शेवटची गिरणी ढासळण्यापूर्वी

भानू अथैया यांनी २०१२ साली आपले ऑस्कर पारितोषिक सुरक्षित राहावे म्हणून अमेरिकेतील अकादमीकडे परत पाठवले. कोल्हापुरात जन्मलेल्या, जे. जे. कलाशाळेत घडलेल्या आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी हा सन्मान मिळवून पहिल्या भारतीय ऑस्कर विजेत्या ठरलेल्या या कलावतीला, आपल्या पश्चात ते स्मृतिचिन्ह निर्धास्तपणे सोपवावे अशी जागा स्वदेशात सापडली नाही. महाराष्ट्राने ती बातमी वाचली, दोन दिवस हळहळ व्यक्त केली आणि पान उलटले. २०२० मध्ये अथैया गेल्या आणि त्यांनी जपलेली रेखाटने लिलावात आली. हिंदी चित्रपटातील वेशभूषेचा अर्धशतकाचा इतिहास ज्या कागदांत होता, ते कागद अभ्यासकाच्या टेबलावर जाणार की धनिकाच्या दिवाणखान्यात, याचा निर्णय बोली लावणाऱ्याच्या ऐपतीवर सोडण्यात आला. त्या वेळी राज्य शासन झोपेत नव्हते. ते जागे होते आणि त्याला यात आपला काही संबंध आहे असे वाटलेच नाही. झोपेपेक्षा ही जागृतावस्था अधिक भयावह आहे.

ज्या मुंबई नगरीत हे घडले तिचे वैभवच मुळी कापडावर उभे राहिले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेवला धुराडे उभे राहिले, तेव्हापासून सव्वाशे वर्षे या शहराची घड्याळे गिरणीच्या भोंग्यावर लावली गेली. बंदर, रेल्वे, चाळी, खाणावळी, भजनी मंडळे, शाहिरी, कामगार रंगभूमी, कामगार चळवळ हे सारे त्या भोंग्याच्या कक्षेत वाढले. आज त्याच मुंबईत एखाद्या विद्यार्थिनीने १९५० च्या दशकातील गिरणीच्या लुगड्याचा काठ, त्याची वीण आणि त्याचा रंग प्रत्यक्ष तपासायचे ठरवले, तर तिने जायचे कुठे? उत्तर एकच : कुठेही नाही. हा प्रश्न सुटण्याची एक शेवटची शक्यता काळाचौकीला अजून उभी आहे. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ ची वारसा यादीतील वास्तू आणि सुमारे ४४ हजार चौरस मीटरचा तो परिसर महापालिकेच्या ताब्यात आहे. तेथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची घोषणा होऊन दशक उलटून गेले. आमचे म्हणणे असे की, या वास्तूची पुनर्रचना वस्त्र आणि वेश यांच्या सार्वजनिक संशोधन केंद्रासाठी झाली पाहिजे आणि ती आताच झाली पाहिजे. येथून पुढे वाया जाणाऱ्या प्रत्येक पावसाळ्याची किंमत पैशात भरून निघणारी नाही.

ही निकड कळण्यासाठी आपण काय काय गमावून या टोकाला आलो, ते थोडक्यात आठवावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप कोणी अधिकृतपणे मागे घेतला नाही. त्याच्यासह गिरणगावच विरले. मग १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या ५८ व्या नियमाने गिरण्यांची जमीन तीन वाट्यांत विभागली : एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकांसाठी. वाटणी न्याय्य होती, म्हणूनच ती टिकली नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटपाला केवळ मोकळी जमीन धरली. ज्या जमिनीवर बांधकाम होते ती हिशेबातूनच वगळली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सुमारे सहाशे एकरांच्या गिरणी जमिनीतून मुंबईच्या पदरी जे पडले, ते मैदान म्हणून दाखवायलाही संकोच वाटावा इतके तुटपुंजे आहे. घरांसाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. सोडतीत घर लागले ते काही हजारांना. उरलेल्यांना आता शहराबाहेरच्या वाटा दाखवण्यात येत आहेत.

जमिनीचा हा इतिहास सर्वांना पाठ आहे. वास्तूंच्या इतिहासाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. गिरण्यांच्या इमारतींचा ‘पुनर्वापर’ मुंबईत झाला नाही असे नाही. झाला, आणि कसा झाला हे सर्वज्ञात आहे. फिनिक्सचे धुराडे एका मॉलच्या शोभेसाठी ठेवण्यात आले. सूतकताईच्या दालनांत जाहिरात संस्था, वाहिन्यांची कार्यालये आणि मद्यालये थाटली गेली. आत येणाऱ्या माणसांची संख्या वाढली. रस्ते, जिने, निर्गमनाचे मार्ग होते तसेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली आणि १४ जीव गेले. दोन्ही घटनांचे कारण वरवर वेगळे आहे, मूळ एकच आहे. कामगार, कापूस आणि यंत्र यांसाठी आखलेला परिसर नकाशावर न बदलता भाड्याने बदलला गेला. जुन्या इमारतीला नवे काम देणे हे शास्त्र आहे. त्याऐवजी आपण त्याला दलाली मानले आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली.

या पार्श्वभूमीवर काळाचौकीच्या वास्तूकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. गिरणीची इमारत म्हणजे वर छप्पर टाकलेली मोकळी जागा, असा आपल्या नियोजनकारांचा समज दिसतो. वस्तुतः मुंबईची जुनी गिरणी हे स्वतःच एक यंत्र होते. सूतकताईची बहुमजली इमारत ओतीव लोखंडाच्या खांबांवर आणि सागवानी तुळयांवर उभी असे, कारण अहोरात्र थरथरणाऱ्या चात्यांचा भार वरच्या मजल्यालाही पेलावा लागे. विणकामाचा साचेखाना बैठा असे आणि त्याचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. त्या दात्यांची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे तोंड करून असे. उत्तरेचा प्रकाश सौम्य आणि स्थिर; त्यात कापडाचा रंग उन्हाने फसवत नाही, तुटलेला धागा चटकन दिसतो, साच्यावर माणसाची सावलीही पडत नाही. धागे तपासणाऱ्या संशोधकाला, रंग जुळवणाऱ्या रंगाऱ्याला, नमुना कापणाऱ्या मास्तराला हाच प्रकाश हवा असतो. आज लाखो रुपये खर्चून वातानुकूलित प्रयोगशाळांत जो दिव्यांनी निर्माण करावा लागतो, तो काळाचौकीला छपरातूनच मिळू शकतो. छप्पर शाबूत असेल, तर.

सोपे मात्र काहीच नाही. मुंबईत गिरण्या फोफावल्या यामागे इथल्या दमट हवेचा मोठा वाटा होता. ओलाव्यात सुती धागा लवचिक राहतो, तुटत नाही. पण जी हवा नव्या सुताला तारते तीच जुन्या वस्त्राला मारते. बुरशी धरते, जर काळी पडते, रेशीम घडीच्या रेषेवर चिरते. वर्षातून एकदा पैठणीची घडी मोडून उलटी घालणाऱ्या आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक होते; शासनाच्या कोणत्या खात्याला ते ठाऊक आहे, याचा शोध घ्यावा लागेल. वस्त्र जपायचे तर ते घडी न घालता आम्लरहित कागदाच्या नळीवर गुंडाळावे लागते. दर्शनी ठेवले तर प्रकाश पन्नास लक्सच्या आसपासच ठेवावा लागतो. नव्याने आलेले प्रत्येक कापड आधी सीलबंद करून गोठणबिंदूच्या कितीतरी खाली ठेवावे लागते, म्हणजे कसर आणि तिची अंडी मरतात. भांडार तळमजल्यावर ठेवणे म्हणजे आत्मघात, कारण पावसात तुंबणारा हिंदमाता परिसर फार दूर नाही आणि २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस मुंबई विसरलेली नाही. म्हणून भांडार हवे ते भार पेलणाऱ्या वरच्या मजल्यावर, कार्यशाळा हव्यात त्या साचेखान्याच्या उत्तरप्रकाशात, आणि वाचनालय असे हवे की रस्त्यावरून जाणारा माणूस बिचकणार नाही. हे ठरवायला वास्तुविशारद, संधारणतज्ज्ञ आणि विणकर यांना एका टेबलाशी बसवावे लागते. निविदेत असा रकाना नसतो.

त्याऐवजी या प्रकल्पाबाबत लोकांसमोर आजवर सर्वाधिक काय आले? तळ्याचे सुशोभीकरण, संगीत कारंजे, प्रकाश आणि ध्वनी यांचा खेळ. ज्या तळ्याच्या पाण्यावर गिरणीची वाफयंत्रे चालली, त्या तळ्याचे संवर्धन आवश्यकच आहे. परंतु आत भिंतींना पिंपळ फुटत असताना अंगणात कारंजे नाचवण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांच्या अग्रक्रमाबद्दल शंका घेणे हे पत्रकारितेचे कर्तव्य ठरते. कारंजे उद्घाटनाच्या दिवशी छान दिसते. संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले तरी छायाचित्रात दिसणार काय? कपाटे, खण, सूक्ष्मदर्शक आणि मान खाली घालून काम करणारी माणसे. या दृश्यात फीत कापणाऱ्याला रस नसतो आणि मुंबईच्या सार्वजनिक प्रकल्पांचे दुर्दैव नेमके येथेच आहे.

इतर देशांनी काय केले हे सांगताना आम्हाला न्यूनगंड पसरवायचा नाही. पण डोळे मिटून घेणेही शहाणपणाचे नाही. बेल्जियममधील अँटवर्पने एकोणिसाव्या शतकातील एक जुनी इमारत नव्याने आखली आणि २००२ मध्ये फॅशनचे संग्रहालय व कला अकादमीचा फॅशन विभाग एकाच छपराखाली आणला. मोजकीच लोकवस्ती असलेले ते शहर वेशकल्पनेच्या जगात राजधान्यांच्या पंक्तीला बसले. नेदरलँड्समधील टिलबर्गच्या जुन्या कापड कारखान्यात आज संग्रहालयाला लागून चालती कार्यशाळा आहे आणि कलावंत तेथे साच्यांवर प्रयोग करतात. पोलंडमधील वूचने गायर यांच्या ‘पांढऱ्या कारखान्या’त मध्यवर्ती वस्त्रसंग्रहालय वसवले. लंडनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात यशाइतकाच इशारा आहे. पोस्टाच्या बचत बँकेसाठी बांधलेल्या ब्लाइद हाउस या भव्य जुन्या इमारतीत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१३ मध्ये वस्त्र व फॅशनच्या अभ्यासाचे आणि संधारणाचे केंद्र उघडले. लांबलचक खण, गुंडाळलेली वस्त्रे, अभ्यासिका. सारे विचारपूर्वक आखलेले. आणि दोनच वर्षांत, २०१५ मध्ये, सरकारने ती इमारत विकण्याचे जाहीर केले. इतक्या नाजूक संग्रहाला पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. आज तो पूर्व लंडनमधील नव्या भांडारात आहे आणि २०२५ पासून तेथे कोणीही सामान्य नागरिक आधी नोंदणी करून पाच वस्तू मागवून जवळून पाहू शकतो. यातून घ्यायचा धडा दुहेरी आहे : केंद्र उभारता येते आणि इमारतीची मालकी पक्की नसेल तर ते उखडताही येते. जिथे जमिनीचा भाव हाच एकमेव धर्म आहे त्या मुंबईत हा दुसरा धडा विसरणे महागात पडेल.

‘फॅशन’ म्हटले की आपल्याकडील गंभीर माणसे किंचित हसतात. शेतकरी आत्महत्या करीत असताना झगमगाटाचे हे लाड कशासाठी, असा प्रश्न विचारला की वाद जिंकल्याचे समाधान मिळते. त्यांनी साम्राज्याचा इतिहास वाचावा. जॉन फोर्ब्स वॉटसन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेत होता. पुढे त्याने भारतीय कापडाचे ७०० प्रत्यक्ष तुकडे कापून १८ खंडांत चिकटवले आणि १८६६ मध्ये त्या खंडांचे २० संच सिद्ध झाले. १३ ब्रिटनमध्ये ठेवले, ७ हिंदुस्थानला. हेतू उघड होता. कोणत्या प्रांतातील माणूस काय नेसतो, किती हात नेसतो, काठ कुठे येतो, रंग कोणता मानतो हे लँकेशायरच्या गिरणीवाल्याला त्याच्या टेबलावर कळावे आणि त्याने तेच यंत्रावर विणून येथे विकावे. ज्याला आपण झगमगाट म्हणतो त्याचा अभ्यास परकीयांनी इतक्या चिकाटीने केला आणि त्या अभ्यासावर आपले विणकर देशोधडीला लावले. वेशाचे संशोधन म्हणजे बाजारपेठेचे, श्रमाचे, शेतीचे आणि सत्तेचे संशोधन असते, हे शत्रूला दीडशे वर्षांपूर्वी समजले होते.

ज्या ज्ञानाचा ऱ्हास आज होत आहे ते तर कोणत्याच खंडात चिकटवलेले नाही. ते माणसांत आहे. ब्लो रूम, कार्डिंग, त्रासन, साचा, सायझिंग ही खाती ज्यांच्या हातांनी चालली, ती माणसे झपाट्याने संपत आहेत. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याच्याहून वडीलधारे बहुतेक गेले. नुसत्या आवाजावरून साच्यात काय बिघडले आहे ते ओळखणारे कान, सुताचा पीळ बोटांनी मोजणारी चिमूट, खळ किती घट्ट झाली ते जिभेवर ठरवणारा अनुभव, यांची नोंद करायची तर ती माणसे हयात असताना आणि शक्य तर त्यांच्या यंत्रासमोर करावी लागते. वाइंडिंग खात्यातील स्त्रियांबद्दल तर आपल्या इतिहासाने जेमतेम चार ओळी लिहिल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे मोठे काम केले. दोन व्यक्तींनी जे केले त्याच्या पाठीशी संस्था उभी करणे राज्याला जमले नाही.

आणि हे ज्ञान नोंदवताना ते गोड करून नोंदवता येणार नाही. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. त्या खात्यात पगार अधिक होता. म्हणजे धोट्याच्या त्या बारीक छिद्रातून जात पैसा अडवत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. तोच धोटा तोंडाने ओढताना क्षयाचा प्रसार होई आणि कापसाची धूळ फुप्फुसात साठे. ज्या संशोधन केंद्रात हा धोटा काचेमागे ‘वारसा’ म्हणून मांडला जाईल आणि ही हकीकत फलकावर नसेल, ते केंद्र नसलेले बरे. वेशाचा अभ्यास करणाऱ्या नव्या पिढीला सर्वप्रथम हे शिकवले पाहिजे की अंगावरच्या प्रत्येक वस्त्राला कोणाच्या तरी छातीचा दमा आणि कोणाच्या तरी जातीचा हिशेब चिकटलेला असतो.

आजच्या बाजाराकडे वळले तरी चित्र तितकेच अस्वस्थ करणारे आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण येवल्याच्या मागावर महिनोन्‌महिने विणलेली पैठणी आणि यंत्रमागावर काही तासांत उतरलेली तिची नक्कल यांतील फरक दहापैकी नऊ ग्राहकांना सांगता येत नाही. तो दाखवणारी, दोन्ही पदर उलटे करून समोर ठेवणारी एकही सार्वजनिक जागा नाही. अस्सल पैठणीचा पदर मागून-पुढून सारखा दिसतो. नकलेच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात. एवढी साधी गोष्ट ग्राहकाला दाखवता आली तर नकलांचे अर्धे दुकान बंद होईल. औरंगाबादचे हिमरू, विदर्भाची करवतकाठी, धनगरी घोंगडी यांची अवस्था याहून बिकट. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथे यंत्रमाग आहेत, सोलापुरात चादर आहे. काय विणावे हे सांगणारे संशोधन मात्र त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नाही. परिणामी आपण कापड विणतो आणि त्याचा आकार, त्याची हौस, त्याचा नफा दुसरेच ठरवतात. राज्याने २०२३-२८ साठी एकात्मिक आणि शाश्वत वस्त्रोद्योग धोरण जाहीर केले. त्यात अनुदानांची रेलचेल आहे. अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी देण्याची योजनाही आली. साडी वाटणे सोपे. ती कशी असावी याचा विचार करणारी संस्था उभारणे अवघड. सत्ताधाऱ्यांनी सोपे ते केले.

याच वेळी दोन धुण्यांत विटणारे स्वस्त कपडे मोबाइलवर बोटाच्या एका स्पर्शाने घरात येऊन पडत आहेत. जुन्याच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण ही महाराष्ट्रातील वस्त्रपुनर्वापराची सर्वात कार्यक्षम यंत्रणा होती. तिच्या बोचक्यातून कपडा पुन्हा बाजारात येई, शेवटी त्याची चिंधी होई, चिंधीची गोधडी होई. पॉलिस्टरमिश्रित कपड्याला तीही हात लावताना विचार करते, कारण त्याची धड गोधडी होत नाही आणि पुसणेही होत नाही. तो शेवटी कचराभूमीवर जातो. हा कपडा कोणत्या धाग्याचा, तो वेगळा कसा करायचा, त्याचे पुढे काय होऊ शकते, हे प्रश्न सोडवणे हे वेशसंशोधन केंद्राचे पहिल्या दिवसापासूनचे काम असेल. ते न झाल्यास त्याचा भुर्दंड महापालिकेच्या घनकचरा खात्यालाच भरावा लागेल. निदान या स्वार्थापोटी तरी पालिकेने जागे व्हावे.

मुंबईत संस्था आहेतच, मग आणखी एक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. संस्था आहेत. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये वस्त्रअभियांत्रिकी शिकवली जाते, वरळीला ‘सस्मिरा’ आहे, घाटकोपरला १९५४ पासून ‘बीटीआरए’ धाग्यांच्या चाचण्या करते, खारघरला ‘निफ्ट’ आहे. मोठ्या वस्तुसंग्रहालयांत देखणी वस्त्रदालने आहेत. पण अभियंता यंत्र पाहतो, ‘निफ्ट’चा विद्यार्थी पुढचा हंगाम पाहतो आणि संग्रहालये राजवस्त्रे दाखवतात. गिरणीच्या मांजरपाटाला, कामगारिणीच्या नऊवारीला, चाळीत शिवलेल्या पोलक्याला, शालेय गणवेशाला आणि तमाशाच्या शालूला यांपैकी कोठेही कपाट नाही. बंद पडलेल्या गिरण्यांच्या नमुनावह्या आणि छपाईचे ठसे भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेले, कारण ते स्वीकारणारी खिडकीच नव्हती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या उरल्यासुरल्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या त्या पुन्हा चालू झाल्या नाहीत. टाटा मिल, पोदार मिल, दिग्विजय मिल यांच्या आत जे साचे आणि कागद असतील, त्यांच्या नशिबी पुढची निविदा कोणती आहे हे ओळखायला ज्योतिषी नको. काळाचौकीचे दार उघडे असते तर ते निदान तेथे आणता आले असते. दार बंद राहिले तर त्या निविदेनंतर संग्रहालयात ठेवायला इमारतीखेरीज काही उरणार नाही आणि पुढच्या काही पावसाळ्यांनंतर इमारतही.

तेव्हा काय करायचे हे गूढ नाही. प्रथम छप्पर. नकाशे, समित्या, सल्लागार हे सर्व नंतर. येत्या पावसाळ्याच्या आत उत्तरेच्या काचा, पन्हळी आणि तुळया यांची दुरुस्ती झाली पाहिजे. दुसरे, वास्तू व जमीन यांवर संशोधन केंद्राखेरीज अन्य वापर होणार नाही अशी कायद्याने बांधलेली न्यासव्यवस्था हवी. तिच्या विश्वस्तांत विणकर, गिरणी कामगार संघटना आणि अभ्यासक हवेत. नगरसेवकांच्या पुनर्वसनासाठी ती जागा नाही. तिसरे, इमारत पूर्ण होण्याची वाट न पाहता कामगारांच्या मौखिक नोंदी आणि कापडांचे संकलन उद्यापासून सुरू झाले पाहिजे. त्यासाठी दोन खोल्या, एक शीतपेटी आणि प्रशिक्षित माणसे पुरतात. चौथे, कामगारांच्या घरांचा प्रश्न आणि हे केंद्र यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव कोणी खेळू नये. घर हा त्यांचा हक्क आहे आणि आपल्या श्रमाची नोंद हाही. एक देऊन दुसरे नाकारणे हा सौदा होईल.

पैसा नाही ही सबब मुंबई महापालिकेच्या तोंडी शोभत नाही. तिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. आयुक्त, महापौर, नगरविकास मंत्री आणि वस्त्रोद्योग मंत्री यांनी या आठवड्यात एक दिवस काळाचौकीला प्रत्यक्ष जावे, सोबत एखाद्या निवृत्त साचेवाल्याला न्यावे, आणि परत येऊन विधिमंडळाला व पालिकेच्या सभागृहाला दोनच गोष्टी लेखी सांगाव्यात : छपराची दुरुस्ती कोणत्या तारखेला पूर्ण होईल आणि केंद्राचा न्यास कोणत्या तारखेला नोंदला जाईल. तारखा न देणाऱ्यांना ही वास्तू पाडायचीच आहे, असे मुंबईकरांनी समजावे.